गुरूचा नववा चंद्र

गुरू हा ग्रह आपल्या घरातला आहे. पंचांग उघडले की त्याची गाठ पडते. मुलीचे लग्न काढायचे म्हणजे गुरुबळ पाहायचे. त्याचा अस्त असला की मांडवाचे खांब अंगणात येत नाहीत. तो सिंह राशीत गेला की नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरतो आणि कन्येत गेला की कृष्णाकाठच्या गावांतून कन्यागताची गर्दी लोटते. बारा वर्षांचे एक तप आपण मानतो, तेही जवळजवळ त्याच्या सूर्याभोवतीच्या एका फेऱ्याएवढेच आहे. आठवड्यातला एक वार त्याच्या नावाचा, आणि शाळामास्तराचा पेशाही त्याच्याच नावाचा. अशा थोर माणसाच्या घरी गोतावळा मोठा असायचाच. गुरूच्या आजवर सापडलेल्या चंद्रांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली आहे. त्या गोतावळ्यातल्या एका फार दूरच्या आणि फार लहान सभासदाविषयी यंदा चार शब्द लिहावेसे वाटतात. त्याच्यापाशी एक प्रश्न आहे. तो आकाशात उभा राहिला असला तरी दिवाळीत आपल्या ओसरीवर येऊन बसण्यासारखा आहे. तो प्रश्न असा, की आपला कोणाला म्हणायचे?

गुरूचे चार चंद्र कोणालाही पाहता येतात. साधी दुर्बीण असावी, हात स्थिर असावा आणि अंधारी रात्र असावी. आमच्या इंदापूरकडच्या माळांवर अंधाराची अजून तरी वाण नाही. १६१० सालच्या जानेवारीत गॅलिलिओने हे चौघे पाहिले आणि सगळे विश्व पृथ्वीभोवती फिरते या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. हे चौघे फार शिस्तीचे आहेत. सर्वांत आतला साडेबेचाळीस तासांत फेरा पुरा करतो, चौथ्याला पावणेसतरा दिवस लागतात. आतल्या तिघांचे तर असे जमले आहे, की तिसऱ्याचा एक फेरा होतो तोवर दुसऱ्याचे दोन आणि पहिल्याचे चार होतात. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने त्यांच्या या तालाचे गणित मांडले. एका घरात वाढलेली भावंडे जशी एका सुरात पाढे म्हणतात, तशी ही मंडळी गुरूभोवती फिरतात.

या तालाने एका मराठी शिक्षकालाही भुरळ घातली होती. व्यंकटेश बापूजी केतकर हे ते ज्योतिर्विद. बागलकोटास राहून, कसलीही मोठी वेधशाळा हाताशी नसताना, त्यांनी गुरूच्या आतल्या चंद्रांचा हा नियम बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिला, आणि नेपच्यूनच्याही पलीकडे दोन ग्रह असावेत असे १९११ साली फ्रेंच ज्योतिष मंडळाच्या पत्रिकेतून जाहीर केले. त्यांची नावे त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी ठेवली. पुढे १९३० साली प्लूटो सापडला तेव्हा त्याचे अंतर केतकरांच्या ब्रह्म्याच्या अंतराच्या बरेच जवळ निघाले. आजचे शास्त्रज्ञ त्याला योगायोग म्हणतात. तो योगायोग असो वा नसो. एका लहान गावच्या मास्तराने दिव्याच्या उजेडात बसून सूर्याच्या कुटुंबातल्या सर्वांत दूरच्या माणसाचा विचार केला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. फक्त एवढेच, की जवळच्यांना लागू पडणारा नियम दूरच्यांना लागू पडेलच असे नाही. ते गुरूच्याच घरी दिसून आले.

केतकरांचे भाकीत प्रसिद्ध झाले त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१४ च्या जुलै महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत सेथ निकल्सन नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी गुरूच्या आठव्या चंद्राची छायाचित्रे घेत होता. हा आठवा १९०८ साली ग्रिनिचला सापडलेला होता. त्याच्या काचेवर आणखी एक बारीक ठिपका उमटला. ताऱ्यांच्या मागील पडद्यावर तो गुरूच्या सोबतीने सरकत होता. निकल्सनने त्याचा पाठपुरावा केला, त्याच्या कक्षेचे गणित हाच आपल्या प्रबंधाचा विषय केला, आणि गुरूचा नववा चंद्र ज्योतिषाच्या वहीत दाखल झाला.

आता हा नववा चंद्र किती मोठा? त्याचा व्यास अडतीस किलोमीटरांच्या आसपास आहे. बारामतीत त्याचे एक टोक ठेवले आणि इंदापूरच्या दिशेने तो आडवा मांडला, तर निमगाव केतकीच्या मागेपुढे तो संपून जाईल. इंदापूरच्या उतारूला उरलेली वाट एस.टी.नेच काटावी लागेल. आणि हा राहतो कुठे? चार मोठ्या चंद्रांतला शेवटचा गुरूपासून सुमारे १९ लाख किलोमीटरांवर आहे, तर नववा सरासरी २ कोटी ४० लाख किलोमीटरांवर. त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे ७५९ दिवस, म्हणजे दोन वर्षे आणि वर एखादा महिना लागतो. पहिलीत बसलेले पोर तिसरीत जाते तेव्हा कुठे याची एक प्रदक्षिणा संपते. पृथ्वीवरून पाहिले तर तो कधी कधी गुरूपासून इतका बाजूला असतो, की मधल्या जागेत पौर्णिमेचे चार चंद्र शेजारी-शेजारी मांडावेत. त्याला साध्या डोळ्यांनी पाहणे तर दूरच, पण मोठ्या यंत्रातून पाहणाऱ्यालाही, आधी सांगितल्यावाचून, त्या ठिपक्याचा आणि गुरूचा काही संबंध आहे असे वाटणार नाही.

यावर कडी म्हणजे तो उलटा फिरतो. गुरू स्वतःभोवती ज्या दिशेने फिरतो, त्याचे मोठे चंद्र ज्या दिशेने फिरतात, तिच्या नेमका विरुद्ध याचा फेरा. शिवाय तो गुरूच्या घरी जन्मलेलाही नसावा. सूर्याभोवती आपल्या वाटेने जाणारा हा एक धोंडा फार प्राचीन काळी गुरूच्या तावडीत सापडला, असे शास्त्रज्ञ मानतात.

माणसाला आपला ठरवण्याच्या आपल्या तीन कसोट्या असतात. तो जवळचा आहे काय, तो आपल्यासारखा चालतो काय आणि तो आपल्यात जन्मला आहे काय. गावकीच्या बैठकीत, लग्नाच्या बोलाचालीत, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे याच तीन प्रश्नांची फिरवाफिरव चालते. नववा चंद्र तिन्ही प्रश्नांत नापास होतो. तो दूरचा, उलट्या चालीचा आणि परका आहे. तरीही जगातला कोणताही ज्योतिषी त्याला गुरूचाच चंद्र म्हणतो. मग तो गुरूचा कशावरून ठरला? तो फिरून येतो यावरून. ताऱ्यांच्या गर्दीत ठिपके पुष्कळ असतात. ज्याचा फेरा गुरूभोवती पडतो तो गुरूचा.

हा फेरा कसा टिकतो हे पाहण्यासारखे आहे. गुरूचे ओढणे अंतराबरोबर विरळ होत जाते, पण अमुक एका रेषेवर ते तुटत नाही. तुटण्याचे भय येते ते सूर्याच्या ओढीमुळे. गुरूपासून सुमारे पाच कोटी किलोमीटरांच्या पलीकडे सूर्याचे जोर धरतात आणि तिथल्या धोंड्याला गुरू आपल्यापाशी राखू शकत नाही. नववा त्या हद्दीच्या पुष्कळ आत असला तरी सूर्य त्याला सतत ओढून पाहतच असतो, आणि त्यामुळे त्याचा एक फेरा हुबेहूब दुसऱ्यासारखा कधी होत नाही. इथे गणित एक चमत्कारिक गोष्ट सांगते. घराच्या चालीने, सरळ फिरणारा चंद्र जितक्या अंतरापर्यंत टिकाव धरू शकतो, त्याहून अधिक अंतरापर्यंत उलटा फिरणारा टिकतो. आपल्याला वाटते, की जो उलट चालतो तो आज ना उद्या जाणारच. आकाशात तसे होत नाही. अगदी कडेला जे राहिले आहेत, त्यांत उलट्या चालीचेच फार आहेत.

दुसरी गोष्ट तितकीच विचार करायला लावणारी. बाहेरून आलेला धोंडा नुसत्या ओढीने अडकत नाही. तो जितक्या वेगाने येतो तितक्याच वेगाने वळसा घेऊन निघून जातो. त्याने राहायचे असेल तर त्याचा काही वेग खर्ची पडावा लागतो. बालवयातल्या गुरूभोवती वायूचे मोठे आवरण होते, त्यात या धोंड्याची गती मंदावली असेल, किंवा दुसऱ्या धोंड्याशी त्याची टक्कर झाली असेल. पण काही गमावल्यावाचून तो इथला झालेला नाही.

इथवर आल्यावर मोह होतो, की झटकन् तात्पर्य काढून मोकळे व्हावे. पण त्या मोहापाशी थांबले पाहिजे. निसर्ग नीती शिकवीत नाही. नववा चंद्र गुरूवर लोभ म्हणून त्याच्याभोवती फिरत नाही. त्याला दुसरे काही करताच येत नाही. आणि जो फिरून येतो तो आपला, असे सूत्र जर आपण माणसांना लावले तर त्यातून भलतेच निघेल. तगादा लावणाऱ्या सावकाराच्या दारी कूळही वर्षानुवर्षे फिरून येत असे. वेठबिगारही येत असे. त्यांचे येणे हे आपलेपणाचे लक्षण म्हणायचे काय? ओढ आणि लोभ यांत भेद आहे, तसाच सापडणे आणि नांदणे यांतही आहे. नववा चंद्र आपल्यासाठी एवढेच काम करतो, की आपल्या तीन कसोट्या किती कच्च्या आहेत हे दाखवून देतो. खऱ्या कसोटीचा शोध आपल्याला खालीच घ्यावा लागेल.

जन्माच्या कसोटीचे आमच्या बारामतीपुरते उत्तर मोरोपंतांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. त्यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. तरुणपणी ते बारामतीस आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले. इथेच त्यांनी पुराण सांगितले, इथेच आर्यांचे डोंगर रचले, आणि १७९४ साली इथेच देह ठेवला. आज त्यांना कोणी पन्हाळ्याचे मोरोपंत म्हणत नाही. कऱ्हेच्या काठाने बाहेरच्या एका माणसाला आपल्याकडे ओढले आणि तो माणूस आता त्या काठाची ओळख होऊन बसला आहे.

चालीच्या कसोटीचे उत्तर तर आपल्या देवळातच आहे. प्रदक्षिणा उजवी घालावी हा सर्वसाधारण नियम. उलटी घालणारा मुलगा आजीचा धपाटा खातो. पण शंकराच्या देवळात आजीच त्याला सांगते, की शाळुंकेचे पाणी जिथून बाहेर पडते ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचे, मागे वळायचे आणि उलट चालीने पन्हळीच्या दुसऱ्या अंगाशी यायचे. हिला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. म्हणजे ज्या परंपरेने सरळ चालीचा आग्रह धरला, तिनेच गाभाऱ्याभोवती उलट चालीलाही जागा ठेवली. मध्यावर नजर असली म्हणजे पुरे, असेच तिला म्हणायचे असेल. घरातला जो मुलगा बापाच्या विरुद्ध मताने चालतो पण बापाच्या दुखण्यात पहिल्या गाडीने येतो, त्याच्याविषयी बोलताना आपण ही पन्हळ आठवावी.

अंतराची कसोटी मात्र अवघड आहे. तिचे उत्तर आम्हाला अजून देता आलेले नाही.

बारामती आणि इंदापूर हे तालुके बाहेरच्यांना उसाचे म्हणून माहीत. नीरेच्या डाव्या कालव्याखाली ते खरेही आहे. पण कालव्याचे पाणी जिथे पोचत नाही तिथे कमी पावसाचा उघडा माळ आहे आणि त्या माळावर मेंढपाळांची घरे आहेत. दसरा-दिवाळी आटोपली, गवत वाळले, की हे लोक घोड्यांवर बिऱ्हाड लादून, मेंढरे पुढे घालून घाटाखाली उतरतात. कोकणात तोवर भाताची कापणी झालेली असते. रात्री शेतात मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंड्यांचे खत शेताला मिळते आणि त्याच्या मोबदल्यात मेंढपाळाला धान्य वा पैसा मिळतो. कोकणचा पाऊस मेंढराला सोसत नाही, म्हणून मिरगाच्या तोंडावर ते पुन्हा घाट चढून माळावर येतात. असा हा फेरा वर्षाचा. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीस येते तेव्हा मेंढरांचे रिंगण तिच्याभोवती पडते. पुढे बेलवाडीस अश्वांचे रिंगण होते. पालखी मध्ये, तिच्याभोवती मेंढरांचा तो पांढरा-काळा लोंढा वळतो, धूळ उडते, आणि पाहणाऱ्या हजारो लोकांना त्या क्षणी एकदाही वाटत नाही, की ही मेंढरे आणि त्यांचे धनी वर्षाचे सहा-सात महिने इथे नव्हते.

पण तोच धनी आपल्या पोराला घेऊन शाळेच्या दारात उभा राहतो तेव्हा काय होते? शाळेला हजेरीपट असतो. त्यात महिन्याच्या दिवसांची घरे असतात. ओळीने गैरहजेरी पडत गेली, की एक दिवस त्या नावावर तांबडी रेघ येते आणि शेऱ्याच्या रकान्यात “नाव कमी केले” असे लिहिले जाते. ही रीत फार जुनी आहे. २००९ सालच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. परंतु हक्क कागदावर आला म्हणून पटाचा स्वभाव पालटत नाही. तीन शब्दांचा तो शेरा किती साधा दिसतो! मुलाने काही केलेले नसते. त्याचा फेरा लांबचा असतो, एवढेच.

एका जूनमध्ये असाच एक बाप आला होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हाताशी आठ-नऊ वर्षांचे पोर.

“गुर्जी, पोराचं नाव हाय न्हवं अजून पटावर?”

“आहे. पण पाटील, सहा महिने पोर दिसत नाही. वरचे साहेब विचारतात, मुलगा शाळा सोडून गेला का म्हणून.”

“सोडून कशापायी जाईल?” तो म्हणाला. “मेंढरामागं जातुया. जातुया म्हंजी सोडून न्हाई जात. आमचं घर हितंच हाय की.”

जाणे आणि सोडून जाणे यांतला भेद इतक्या थोडक्या शब्दांत मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. नवव्या चंद्राविषयी साऱ्या ज्योतिषशास्त्राला जे म्हणायचे आहे तेही याहून वेगळे नाही.

ज्या दिवसांत मेंढरे माळावरून निघतात, साधारण त्याच दिवसांत उलट दिशेने दुसरी माणसे आमच्याकडे येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांचे गाळप सुरू व्हायचे असते. बीड-नगरकडून ट्रॅक्टरांवर बिऱ्हाडे येतात, कारखान्यांच्या आसपास आणि उसाच्या फडाशेजारी खोपटी पडतात. आपल्याकडे फराळाच्या ताटावर रुमाल टाकला जातो तेव्हा त्यांच्या चुली उघड्यावर पेटतात. ही माणसे दरवर्षी येतात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर आपल्या करंज्यांत असते. त्यांना मुकादमाच्या वहीत काय नाव असते? नवरा आणि बायको मिळून “एक कोयता”. आणि ती येतात कशाने? बहुधा उचलीने. हंगामापूर्वी घेतलेले पैसे फेडायचे म्हणून येतात, आणि फिटले नाहीत म्हणून पुन्हा येतात.

म्हणजे मघाशी आपण जी शंका काढली ती पुस्तकी नव्हती. इथे माणसांचे फेरे डोळ्यांसमोर पडत आहेत. एक फेरा आपल्या माळाच्या ओढीने परतणाऱ्याचा आहे, दुसरा उचलीने खेचलेल्याचा. दोघेही फिरून येतात. नुसत्या येण्यावरून पाहिले तर दोघेही सारखेच आपले, आणि पटावरून पाहिले तर दोघांचीही मुले सारखीच परकी. एकाचे नाव इथे कमी होते, दुसऱ्याचे तिकडे आपल्या गावी. मग आपलेपणाची कसोटी राहिली कुठे?

मला वाटते ती फेरा घालणाऱ्याकडे शोधण्यात आपली वाट हुकते. फेऱ्यावरून एवढेच कळते, की बंध आहे. तो बंध नात्याचा आहे की वेठीचा, हे मध्यावर बसलेला ठरवतो. आपल्या भाषेत गुरू या शब्दाचा एक अर्थ जड असाही आहे, आणि त्यावरूनच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. जो जड आहे, ज्याला घर आहे, शेत आहे, कारखाना आहे, हजेरीपट आहे, त्याच्याकडे हा निर्णय असतो. येणाऱ्याच्या हातात येणे असते. आल्यावर त्याला नाव मिळते की कोयता म्हणतात, त्याच्या पोराला जागा राखलेली असते की तांबडी रेघ, हे आपल्या हातात आहे. आकाशातल्या गुरूला असा काही निर्णय घेता येत नाही. आपल्याला येतो, आणि म्हणूनच आपण नीतीची भाषा बोलतो.

यावर एखादा विचारील, की नाव असले काय आणि नसले काय, त्याने फेरा थोडाच थांबतो? नवव्या चंद्राचेच पाहा. निकल्सनने त्याला शोधले, पण त्याचे नाव ठेवले नाही. पुढे १९३८ आणि १९५१ साली त्याने गुरूचे आणखी तीन चंद्र शोधले, त्यांचीही नावे सुचवली नाहीत. १९६३ साली तो वारला तेव्हाही नववा नुसता “नववा”च होता. मध्यंतरी काही लोक त्याला हेडीज, म्हणजे ग्रीकांच्या पाताळाचा राजा, असे म्हणत. पण अधिकृत नाव त्याला मिळाले ते १९७५ साली. एकसष्ट वर्षे तो आकड्यावर भागवून होता आणि तेवढ्या काळात त्याने एकोणतीस फेरे मारले. नावावाचून त्याचे काही अडले नाही हे खरे. परंतु तो दगड आहे. आठ वर्षांचे मूल दगड नसते. पटावर आपले नाव हाक मारून घेतले जाते की नाही, हे ते रोज सकाळी ऐकत असते.

अखेर त्याला नाव मिळाले ते सिनोपी. ही ग्रीक पुराणातली एक मुलगी. झ्यूस देवाने तिला पळवून नेले आणि तिला वश करण्यासाठी, मागशील ते देईन, असे वचन दिले. तिने मागितले, की मला आजन्म कुमारी राहू दे. देव वचनात अडकला. ग्रीकांचा झ्यूस म्हणजेच रोमनांचा ज्युपिटर, आणि ज्युपिटर म्हणजे आपला गुरू ग्रह. ज्या कोणी हे नाव निवडले त्याला कथा ठाऊक असली पाहिजे. तिला नेले गेले, ती त्याच्या घरी राहिली, पण तिने आपली चाल सोडली नाही. उचलून आणलेल्या माणसाचेही एक मागणे असते आणि ते ऐकून घेण्याचे वचन मोठ्याने द्यायचे असते, असाही त्या कथेचा अर्थ लावता येईल.

आणखी एक गोष्ट ज्योतिष सांगते ती विसरता कामा नये. ओढ कधीही एकतर्फी नसते. गुरू नवव्याला ओढतो त्याच जोराने नववाही गुरूला ओढतो. गुरूचा पसारा एवढा, की पृथ्वीसारखे तेराशे गोळे त्यात मावतील. या चिमुकल्या धोंड्याने तो किती हलत असेल? मोजता येणार नाही इतका थोडा. पण हलतो. अगदी कडेच्या, उलट्या चालीच्या, परक्या चंद्रामुळेही मध्यावरचा ग्रह जिथे असता तिथे तो तंतोतंत नसतो. ज्या गावात दरवर्षी बाहेरची माणसे येऊन जातात ते गावही मग पूर्वीचे राहत नाही. त्याच्या बोलीत चार शब्द येतात, बाजारात चार जिन्नस येतात, आणि ते गाव सावध असेल तर त्याच्या मनात चार प्रश्नही येतात.

दिवाळी हा सण खरे म्हणजे लांबच्या फेऱ्याच्या लोकांचा आहे. पाडव्याला आपण ज्याची पूजा करतो तो बळी पाताळात घातलेला राजा. वर्षातला हा एक दिवस त्याचा, या दिवशी तो आपली भूमी पाहायला येतो असे मानतात. त्याला घालवून किती युगे लोटली! पण इडा पिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, असे घरोघरच्या बायका अजून म्हणतात. त्याचे नाव कोणी कमी केलेले नाही. भाऊबिजेला बहीण वाट पाहते ती परगावच्या भावाची. नोकरीनिमित्त मुंबईत, दिल्लीत, समुद्रापार गेलेली मुले याच चार दिवसांत दार ठोठावतात, आणि न येऊ शकलेल्यांच्या नावाने डब्यात चार लाडू बाजूला निघतात. दूरच्याला आपले म्हणण्याची रीत आपल्याला येत नाही असे नाही. घराच्या उंबऱ्याच्या आत ती आपल्याला उत्तम येते. शाळेच्या, कारखान्याच्या आणि गावाच्या उंबऱ्याशी मात्र आपण ती विसरतो.

सुट्टी संपून शाळा पुन्हा भरतील तेव्हा माळावरच्या पोरांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतील, आणि कारखान्याच्या आवारातली काही नवी पोरे खिडकीबाहेरून आत पाहत उभी राहतील. एकांची जागा राखून ठेवणे आणि दुसऱ्यांना आत बोलावून नाव विचारणे, एवढे काम आहे. त्याला फार पैसा लागत नाही. पटावर एक ओळ जास्त लिहावी लागते, आणि जून महिन्यापर्यंत ती ओळ मोकळी सांभाळावी लागते. मास्तर नसलेल्या वाचकांनाही आपापला एखादा हजेरीपट असेलच.

आणि या दिवसांत रात्री कधी गुरू वर आलेला दिसला तर मुलांना तो जरूर दाखवावा. दुर्बीण मिळाली तर त्याचे चार चंद्रही दाखवावेत. मग त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार पौर्णिमांचे चंद्र मावतील एवढी जी काळी, मोकळी जागा दिसते, तिच्याकडे बोट करून सांगावे, की तिथवर त्याचे घर आहे.